अंगठा आणि हिशेब



मागच्या बैठकीत आमच्या गटाला नवी अध्यक्ष निवडायची होती. सगळ्यांनी एका वडीलधाऱ्या ताईंचं नाव घेतलं. त्या लगेच म्हणाल्या, "नको गं बायांनो, मी अंगठेबहाद्दर. त्या वहीतलं मला काय कळतंय?" याच ताई आठवडी बाजारात भाजी विकतात आणि गिऱ्हाइकांची उधारी तोंडपाठ ठेवतात! म्हणून आज आम्ही दोन बँकांची गोष्ट सांगतो. दोन्ही बायकांनीच काढल्या.

पहिली गुजरातमधली, अहमदाबादची. तिथं भाजीवाल्या, जुने कपडे विकणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या बायका सकाळी सावकाराकडून पैसे उचलायच्या आणि संध्याकाळी व्याजासकट फेडायच्या. बँका त्यांना दारात उभं करत नव्हत्या. इलाबेन भट यांच्या 'सेवा' संघटनेत या बायका एकत्र आल्या आणि म्हणाल्या, आपलीच बँक काढू. पैसा कुठून आणायचा? गरीब असलो तरी आपण पुष्कळ आहोत ना! चार हजार जणींनी दहा-दहा रुपये काढले. झाले 40,000 रुपये. 1974 साली सेवा बँक सुरू झाली. सही येत नाही ही अडचण होती, तर पासबुकावर बाईचा फोटो लावला. फोटो बघायचा, माणूस ओळखायचं आणि पैसे द्यायचे.

दुसरी आपल्या साताऱ्यातली. माण तालुका, म्हसवड गाव, दुष्काळी मुलूख. रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणारी एक बाई चेतना सिन्हा यांच्याकडे आली. पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायला तिला पैसे साठवायचे होते. पण रक्कम इतकी लहान, की बँक खातंच उघडेना. चेतनाताईंनी ठरवलं, बायकांची बँक काढायची. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि परत आला. कारण काय, तर पुष्कळ सभासद निरक्षर.

बायका रडत बसल्या नाहीत. दिवसभर राबून संध्याकाळी अक्षरं गिरवू लागल्या. काही महिन्यांनी त्या चेतनाताईंबरोबर थेट मुंबईला रिझर्व्ह बँकेत गेल्या. म्हणाल्या, आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, हा आमचा दोष नाही. तुम्ही कुठलीही रक्कम सांगा, आम्ही व्याज तोंडी काढतो. तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतं! 1997 साली माणदेशी महिला बँक सुरू झाली.

यातून आपण काय घ्यायचं? लिहिता न येणं वेगळं आणि हिशेब न कळणं वेगळं. लिहायला दुसरी कुणी मिळते. पण हिशेब विचारायचा सोडला, की पैसा आपल्या हातातून जातो.

चला, एक हिशेब करून बघू. सावकार म्हणतो, "शेकडा तीन." ऐकायला थोडं वाटतं. पण हे तीन रुपये महिन्याचे असतात. पाच हजार घेतले तर महिन्याला दीडशे, वर्षाला अठराशे. बँक म्हणते, "बारा टक्के." आकडा मोठा वाटतो, पण तो वर्षाचा असतो. त्याच पाच हजारांवर वर्षभराचे सहाशे. म्हणून व्याज ऐकलं की आधी विचारायचं, महिन्याचं की वर्षाचं?

आणि अंगठा उठवण्याआधी तीन गोष्टी मोठ्यानं वाचून घ्यायच्या: रक्कम किती, व्याज किती, हप्ता कितीचा आणि किती महिने. कर्ज आपल्या नावावर असेल, तर पैसा कुणाच्या हातात जाणार तेही तेव्हाच ठरवायचं. कारण हप्त्यासाठी माणूस आपल्याच दारात येतो.

आमच्या ताई अजून 'हो' म्हणालेल्या नाहीत. पण पुढच्या बैठकीपासून गटाची वही मोठ्यानं वाचायची, असं आम्ही ठरवलंय. लिहिणारी वाचेल आणि बेरीज ताई तोंडी करतील. चूक निघाली तर तीही त्याच सांगतील. मग बघू, अध्यक्ष कोण होतं ते!