रसायनशाळेतील अपघात आणि पहिली वीस मिनिटे

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी अकरावी-बारावीत विज्ञान शाखेत शिकत असेल, अथवा तंजावरच्या एखाद्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचा अभ्यास करीत असेल, तर दर आठवड्याला काही तास त्यांचे काम तीव्र आम्ले, कॉस्टिक सोडा, अमोनिया आणि उघडी ज्योत यांच्याशी असते. हे पत्रक त्या मुलांनी वाचावेच. परंतु त्याहून अधिक ते घरच्या मंडळींसाठी लिहिले आहे. सायंकाळी घरी आलेले मूल "डोळ्यात थोडे उडाले होते, आता बरे वाटते" एवढेच सांगते, तेव्हा पुढे काय करावे हे आपल्यालाच ठरवावे लागते. शिवाय प्रयोगशाळेतील बरीचशी द्रव्ये निराळ्या नावांनी आपल्या न्हाणीघरात आणि पानाच्या डब्यातही असतातच.

रसायनाने होणारी इजा विस्तवाच्या भाजण्याहून एका बाबतीत वेगळी आहे. विस्तवापासून हात मागे घेतला की भाजणे थांबते. आम्ल किंवा कॉस्टिक सोडा मात्र त्वचेवर आहे तोवर आपले काम करीतच राहतो. तो धुऊन निघेपर्यंत इजा वाढत जाते. म्हणून रुग्णालयात काय उपचार होतील यापेक्षा अपघाताच्या जागी पहिल्या वीस मिनिटांत काय झाले, यावर पुष्कळदा डोळ्याचे किंवा हाताचे भवितव्य ठरते. तिरुवैयारुहून तंजावर सुमारे १३ किलोमीटर आहे. वाटेत कावेरी, कुडमुरुट्टी, वेट्टारु, वेण्णारु, वडवारु असे एकामागून एक पूल ओलांडावे लागतात. मुलाला न धुता वाहनात बसवले, तर हा सारा वेळ रसायन डोळ्यात राहते. आधी धुणे आणि मग निघणे, हाच क्रम पाळावा.

डोळ्यात रसायन गेल्यास

डोळ्यात काहीही उडाले, की त्याच क्षणी नळाखाली किंवा तांब्याने पाण्याची संथ, अखंड धार धरावी. पाणी पिण्याजोगे स्वच्छ असावे, परंतु ते उकळून गार करण्यासाठी किंवा औषधी द्रावण आणण्यासाठी थांबू नये. रुग्णाचे डोके इजा झालेल्या डोळ्याच्या बाजूला कलते करावे, म्हणजे वाहणारे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. वेदनेमुळे पापण्या घट्ट मिटतात. दुसऱ्या कोणीतरी त्या दोन बोटांनी हलकेच उघड्या धराव्यात आणि रुग्णाने डोळा वर, खाली, दोन्ही बाजूंना फिरवावा. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास धुणे सुरू ठेवूनच ती काढावी. घड्याळ पाहून किमान १५ ते २० मिनिटे धुवावे. डोळा चोळू नये, त्यावर घट्ट पट्टी बांधू नये, आणि दूध, मध, गुलाबपाणी किंवा घरातील जुने थेंब त्यात घालू नयेत.

आम्ल अधिक भयंकर आणि सोडा सौम्य, असा सर्वसाधारण समज आहे. डोळ्याच्या बाबतीत वस्तुस्थिती बहुधा उलट असते. आम्लामुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळे आम्लाला पुढे शिरण्यास काहीसा अडथळा होतो. कॉस्टिक सोडा, अमोनिया, चुना ही आम्लारी द्रव्ये पेशींच्या आवरणातील स्निग्ध भाग विरघळवीत आत उतरतात. त्यामुळे सुरुवातीला वेदना फारशी नसली, डोळा केवळ लाल दिसला, तरी बुबुळावरचा पारदर्शक पडदा पुढे कायमचा पांढुरका होऊ शकतो. "आता बरे वाटते" या वाक्यावर विसंबू नये, ते यासाठी.

चुन्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कुंभकोणम परिसरातील विड्याची पाने प्रसिद्ध आहेत आणि चुन्याची पुडी किंवा डबी घरोघरी असते. पुडी हातात दाबताना ती फुटून चुना लहान मुलांच्या डोळ्यात उडतो. भारतातील नेत्रतज्ज्ञांना हे अपघात चांगले परिचित आहेत. चुन्याचे कण पापणीच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात आणि नुसत्या पाण्याने सुटत नाहीत. धुता धुता ओल्या स्वच्छ कापसाने दिसतील तेवढे कण अलगद टिपावेत, धुणे चालू ठेवावे आणि रुग्णालयात चुना गेल्याचे आवर्जून सांगावे, म्हणजे तेथे पापणी उलटून तपासली जाईल.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या लेखी नोंदी जतन केलेल्या आहेत. रुग्णाची हकीकत लिहून ठेवण्याची ती पद्धत आपणही अंगीकारावी. रसायनाचे नाव, ते तीव्र होते की विरल, किती वाजता उडाले आणि किती वेळ धुतले, या चार गोष्टी कागदावर लिहून मुलासोबत द्याव्यात. शक्य असल्यास बाटलीवरील चिठ्ठीचे छायाचित्र न्यावे. डॉक्टरांचा त्यामुळे बराच वेळ वाचतो.

त्वचेवर सांडल्यास

येथेही पाणीच, आणि भरपूर. भिजलेले कपडे, बांगड्या, घड्याळ, बूट धुता धुताच काढावेत. कापडात मुरलेले आम्ल त्वचेला चिकटून राहते. द्रव्य कोरडे असेल, उदाहरणार्थ चुन्याची पूड किंवा कॉस्टिक सोड्याच्या वड्या, तर आधी कोरड्या कापडाने ते झटकावे आणि मग धुवावे.

आम्लावर सोडा आणि सोड्यावर लिंबू किंवा व्हिनेगर टाकून परिणाम नाहीसा करण्याचा मोह विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाच अधिक होतो, कारण उदासिनीकरणाचा धडा त्यांनी नुकताच वाचलेला असतो. शरीरावर हा प्रयोग कदापि करू नये. त्या अभिक्रियेत उष्णता निर्माण होते, आणि योग्य द्रव्य शोधण्यात मोलाची मिनिटे जातात. हळद, टूथपेस्ट, शाई, लोणी हेही लावू नये.

सोडियम धातूचा अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. सेंद्रिय पदार्थांच्या परीक्षणात त्याचा लहानसा तुकडा वापरतात. तो पाण्याशी पेट घेतो, म्हणूनच त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेले असते. त्वचेवर पडलेला तुकडा आधी कोरड्या चिमट्याने उचलावा. सोडियमच्या आगीवर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरू नये. कोरडी वाळू टाकावी.

पोटात किंवा श्वासात गेल्यास

तोंडाने पिपेट ओढण्याची सवय अजूनही पूर्णपणे गेलेली नाही. एका पिढीने दुसरीला दिलेली ही सवय आता थांबलीच पाहिजे. रबरी फुग्याची किंमत अगदी थोडी असते. ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण पाण्यासारखेच रंगहीन दिसते, पण ते विषारी आहे. गिळले गेल्यास तोंड धुऊन चुळा भराव्यात आणि तातडीने रुग्णालय गाठावे. मिठाचे पाणी देऊन किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. दाहक द्रव्य वर येताना अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजते.

वायूचा त्रास झाल्यास रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास काही वेळाने येईनासा होतो, कारण हा वायू घ्राणशक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजू नये. घरी संडास साफ करण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केल्यास क्लोरिन वायू सुटतो. ही दोन्ही एकाच वेळी कधीही वापरू नयेत.

आग, पोशाख आणि वाट

२९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हवेत आपोआप पेटणारे रसायन उडून २३ वर्षांच्या एका संशोधन-सहायिकेच्या कपड्यांनी पेट घेतला. अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, प्रयोगशाळेचा कोट नव्हता. अठरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला. कृत्रिम धागा वितळून त्वचेला चिकटतो. म्हणून प्रात्यक्षिकाच्या दिवशी सुती कपडे, त्यावर सुती कोट, बंद बूट आणि संरक्षक चष्मा असावा. आपल्याकडे मुली वेणी मोकळी सोडून मोगऱ्याचा गजरा माळतात. तेवढा दिवस वेणी अंबाड्यात बांधावी, ओढणी कोटाच्या आत खोचावी. कपडे पेटल्यास धावू नये. जमिनीवर पडून लोळावे, इतरांनी जाड सुती किंवा लोकरी कांबळे गुंडाळावे आणि आग विझताच भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे, वाहते पाणी सोडावे. बर्फ लावू नये. जळता स्पिरिटचा दिवा भरू नये. अल्कोहोल, ईथर, ॲसिटोन ज्योतीवर तापवू नयेत.

आपल्याच जिल्ह्यात कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून पसरलेल्या आगीत ९४ मुलांचा मृत्यू झाला. ती आग प्रयोगशाळेतील नव्हती. तरी त्यानंतर कोणत्याही पालकाने शाळेत बाहेर पडण्याच्या वाटेविषयी विचारताना संकोच करण्याचे कारण उरलेले नाही. पालकसभेला जाल तेव्हा प्रयोगशाळा स्वतः पाहावी. दाराला दोन वाटा आहेत काय, त्यांपैकी एखादी कपाट लावून बंद केली आहे काय, वाळूची बादली कोरडी आहे काय, हे पाहावे. मुख्य म्हणजे नळ उघडून पाहावा. गावाच्या नावात पाच नद्या असल्या तरी दुपारी टाकी रिकामी असू शकते. अशा ठिकाणी प्रात्यक्षिकापूर्वी झाकलेले, स्वच्छ पाण्याने भरलेले पिंप आणि दोन तांबे ठेवण्याचा आग्रह धरावा. एक डोळा वीस मिनिटे धुण्यास घागरभर पाणी पुरत नाही.

तीव्र आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात थेंबाथेंबाने घालावे. आम्लात पाणी ओतल्यास ते उसळून चेहऱ्यावर येते. हा नियम मुलाकडून एकदा तोंडी म्हणवून घ्यावा.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. फोन एकाने करावा, धुणे दुसऱ्याने चालू ठेवावे. ठिकाण, रसायनाचे नाव आणि शरीराचा कोणता भाग हे सांगून, पलीकडच्या व्यक्तीने सांगेपर्यंत फोन बंद करू नये. डोळ्याला इजा झाली असल्यास, दृष्टी स्पष्ट वाटत असली तरी, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.