काठ आधी, गाठ नंतर

आवाज घोगरा झालाय, पाणी पिताना ठसका लागतो, कानात नाडीचे ठोके ऐकू येतात. केस पेपरवर या तीन तक्रारी एकत्र दिसल्या की आम्हा रेडिओलॉजिस्टांची नजर कवटीच्या तळाशी, ज्युग्युलर फोरामेनकडे वळते. हाडातल्या या वाकड्या वाटेतून नववा, दहावा आणि अकरावा मज्जातंतू बाहेर पडतात. मेंदूतलं रक्त परत नेणारी मोठी शीरही इथूनच खाली उतरते.

इथल्या गाठीचा तुकडा काढून तपासणं सहसा शक्य नसतं. जागा खोल, शेजारी कॅरोटिड धमनी, आणि गाठ पॅरागँग्लिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली, निघाली तर सुईनंही भळाभळा रक्त जाऊ शकतं. त्यामुळे निदानाचा भार बहुतेक वेळा स्कॅनवरच पडतो.

आधी पाहायचं ते गाठ खरोखर आहे की नाही. बऱ्याच जणांची उजवी शीर डावीपेक्षा मोठी असते. तिच्यात रक्त संथ वाहत असलं की एमआरआयवर गाठीसारखं उजळ काहीतरी दिसतं. अशा वेळी सीटीवर हाडाचा काठ शाबूत असेल आणि व्हेनोग्राफीत शीर नीट भरलेली दिसली, तर रुग्णाला निश्चिंत करता येतं.

गाठ खरी असेल तर मी सीटीचे मिलिमीटरभर जाडीचे किंवा त्याहून पातळ काप हाडाच्या विंडोमध्ये लावते आणि माउसचं चाक सावकाश फिरवते. श्वानोमा मज्जातंतूच्या आवरणातून उगवतो, हळूहळू वाढतो आणि हाडाला बाजूला सारतो. वाट रुंदावते, पण तिचा काठ गुळगुळीत, रेखीव राहतो. पॅरागँग्लिओमा हाड आतून पोखरतो, काठ वाळवी लागलेल्या लाकडासारखा दिसतो. धमनीची वाट आणि शिरेचा फुगवटा यांच्यामध्ये हाडाचा एक बारीक काटा असतो. दोन्ही बाजूंचे काप शेजारी ठेवून मी आधी तो शोधते, कारण ही गाठ तो लवकर खाते. तिथून ती वर मध्यकर्णात शिरते आणि कानात ठोके ऐकू येऊ लागतात. मेंदूच्या आवरणातून उगवणारा मेनिंजिओमा हाडात झिरपतो, पण हाडाची घडण बरीचशी टिकते. हाड अनेकदा जाड, दाट होतं.

मग एमआरआय. मोठ्या पॅरागँग्लिओमात आम्ही म्हणतो तसं ‘मीठ-मिरी’ दिसतं. काळे ठिपके वेगानं वाहणाऱ्या रक्ताचे, पांढरे संथ प्रवाहाचे किंवा रक्तस्रावाचे. लहान गाठीत हे ठिपके नसतातही, म्हणून ते नाहीत एवढ्यावरून पॅरागँग्लिओमा नाकारता येत नाही. मोठ्या श्वानोमात पाण्याच्या पोकळ्या सापडतात, तर मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणावर शेपटीसारखा पसरतो.

गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅनमध्ये पॅरागँग्लिओमा झळाळतो. मात्र मेनिंजिओमाही झळाळतो, त्यामुळे या दोघांतला निवाडा एकट्या पेटवर करता येत नाही. त्याचा मोठा उपयोग असा की मानेत किंवा पोटात आणखी गाठी असतील तर त्या सापडतात. पॅरागँग्लिओमा कधी एसडीएच जनुकांमधल्या दोषामुळे येतो, तेव्हा रुग्णाच्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी सुचवावी लागते. आणि काठ कुरतडलेला असून वाढ झपाट्याची असेल, वेदना असतील, तर दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरचा विचार आधी करावा लागतो.

एवढा खल करायचा तो उपचारासाठी. पॅरागँग्लिओमाच्या ऑपरेशनआधी अनेकदा रक्तवाहिन्या बंद कराव्या लागतात आणि गाठ संप्रेरकं सोडत नाही ना, हे पाहावं लागतं. लहान श्वानोमावर नुसती नजर ठेवणंही पुरेसं ठरू शकतं. ऑपरेशनमध्ये दहाव्या मज्जातंतूला इजा झाली तर बोलणं आणि गिळणं कायमचं बिघडू शकतं. म्हणून रिपोर्टच्या पहिल्या ओळीत मी हाडाच्या काठाचं वर्णन लिहिते. काठ आणि एमआरआय यांचं जमत नसेल तर दोन्ही शक्यता मांडते आणि त्यांच्यात फरक करणारी तपासणीही सुचवते. सर्जनला नुसत्या नावापेक्षा त्यामागचा पुरावा अधिक उपयोगी पडतो.