मुदत महिनाभराची, गर्दी शेवटच्या दिवशी! कामं आपण पुढे का ढकलतो?

खरिपाचा पीकविमा भरायला शेतकऱ्यांना काही आठवडे मिळतात. तरी धर्माबाद असो, बिलोली असो की देगलूर, सेवा केंद्राबाहेर खरी झुंबड उडते ती मुदत संपत आल्यावर. मग सर्व्हर चालत नाही, ओटीपी येत नाही, सातबाऱ्यावरचं नाव आधारशी जुळत नाही आणि रात्री उशिरापर्यंत लोक ताटकळतात. हे एखाद्या वर्षाचं नाही. 2023 मध्ये 31 जुलैची मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. 2024 मध्ये 15 जुलैची 31 जुलै झाली. 2025 मध्ये बिगरकर्जदार शेतकऱ्यांसाठी 31 जुलैची 14 ऑगस्ट झाली.

शहरवासीयांनी हसायचं कारण नाही. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवायची पहिली मुदत 31 मार्च 2025 होती. ती आधी 30 एप्रिल, मग 30 जून, 15 ऑगस्ट, 30 नोव्हेंबर असं करत 31 डिसेंबरवर गेली. मुदत वाढतेच, हे सरकारनेच लोकांना शिकवलं, असं म्हणायला इथे पुरेपूर जागा आहे.

पण मुदतवाढीची आशा नसते तिथेही माणूस थांबतो. इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये सबमिशनच्या आदल्या रात्री किती दिवे सुरू असतात, ते आठवून पाहा. दात दुखत असताना दवाखाना पुढे ढकलणारे प्रत्येक घरात सापडतात. यालाच आपण चालढकल म्हणतो आणि लगेच निकाल देतो, 'आळशी आहे लेकाचा.' मानसशास्त्राचा निकाल मात्र वेगळा आहे.

आळस नाही, मग काय?

आळशी माणसाला काम राहिल्याचं फारसं काही वाटत नाही. चालढकल करणाऱ्याला वाटतं, आणि तरी तो करत नाही. फॉर्म भरायचा राहिलाय हे त्याला जेवताना आठवतं, झोपतानाही आठवतं. फ्युशिया सिरॉय आणि कॅनडातले टिमोथी पिचिल या अभ्यासकांनी 2013 मधल्या शोधनिबंधात याची उकल केली. त्यांच्या मते हा वेळेच्या नियोजनापेक्षा मन सांभाळण्याचा प्रश्न आहे. कामाला चिकटलेली भावना नकोशी असते. 'काही चुकलं तर?', 'साहेब कागद परत करेल', 'डॉक्टर नको ते सांगतील' असं वाटत राहतं. काम पुढे ढकललं की त्या भावनेपासून लगेच सुटका होते. सुटकेची ही चव मेंदू लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच वाट धरतो. किंमत मोजायची असते ती उद्याच्या आपल्याला, आणि उद्याचा आपण जणू कुणी परकाच!

कॅल्गरी विद्यापीठातल्या पिअर्स स्टील यांनी 2007 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. काम जितकं कंटाळवाणं, त्याचं फळ जितकं लांब आणि 'मला हे जमेल' हा विश्वास जितका कमी, तितकी चालढकल जास्त, असं त्यात दिसलं. या मापाने पीकविम्याचा अर्ज तपासा. भाषा किचकट, भरपाई मिळालीच तर कैक महिन्यांनी, आणि पोर्टल स्वतः हाताळता येईल याची खात्री नाही. तिन्ही गोष्टी एकाच अर्जात. त्यातच हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये रील्स. तिथे मात्र फळ दुसऱ्याच सेकंदाला मिळतं.

प्रत्येक उशीर म्हणजे चालढकल नव्हे

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळा दोष माणसाच्या माथी मारणं सोपं असतं. 2023 मध्ये राज्यात पीकविमा 1 रुपयात होता. 2025 च्या खरिपापासून शेतकऱ्याला पुन्हा स्वतःचा हप्ता भरावा लागला. तो साधारण पिकांना विमा रकमेच्या 2 टक्के आणि नगदी पिकांना 5 टक्के. जुलैत बियाणं, खत, मजुरी देऊन हात रिकामा झालेला असतो. अशा वेळी थांबणं हा स्वभावाचा दोष नाही, खिशाचा प्रश्न आहे. पाऊस कसा पडतो ते पाहून ठरवू, हाही एक हिशेबच. ज्याला काम करायचंय, करता येतं, आज केलं तर फायदा आहे हेही कळतं आणि तरी जो उद्यावर टाकतो, त्यालाच चालढकल म्हणावं.

खिसा आणि स्वभाव एकमेकांत कसे गुंतलेले असतात, याचा उत्तम प्रयोग पश्चिम केनियात झाला. एस्थर डफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांचा हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोघांना पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथले शेतकरी पीक विकल्यावर 'पुढच्या हंगामाचं खत नंतर घेऊ' म्हणत. नंतर पैसे उरत नसत. अभ्यासकांनी पीक हाती येताच, मोजक्या दिवसांसाठी, 'आत्ता पैसे भरा, खत घरपोच फुकट आणून देतो' असा प्रस्ताव दिला. खत घेणाऱ्यांचं प्रमाण चांगलंच वाढलं. हंगामात उशिरा, खताची निम्मी किंमत माफ करून आणि घरपोच देऊनही तितका परिणाम झाला नाही!

धर्माबादच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकून हातात पैसे येतात. जूनमध्ये तोच माणूस कृषी सेवा केंद्रात उधारीवर खत उचलतो. पट्टी हातात पडली त्याच आठवड्यात खताचे, विम्याचे किंवा फीचे पैसे वेगळ्या खात्यात टाकले, तर जूनमधल्या मोहाशी झगडायची वेळच येत नाही.

बाभळीचे दरवाजे कसे उघडतात?

निश्चयाने चालढकल जात नाही, हे 1 जानेवारीचे संकल्प दरवर्षी सिद्ध करतात. मग जाते कशाने? एक उदाहरण धर्माबाद तालुक्यातच, गोदावरीवर उभं आहे. बाभळी बंधाऱ्यावरून दोन राज्यांत इतका वाद होता की 2010 मध्ये चंद्राबाबू नायडू आंदोलनासाठी इथे आले आणि त्यांना अटक झाली. 28 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे वर राहतील आणि देखरेखीला तीन सदस्यांची समिती असेल, असं ठरलं. तेव्हापासून 1 जुलैला 14 दरवाजे वर जातात. साठलेलं पाणी पुढे वाहून जातं, हे इथल्या शेतकऱ्याचं दुःख वेगळं. पण काम होतं, कारण कधी, कुठे आणि कुणासमोर हे आधीच ठरलेलं आहे. त्या सकाळी कुणाच्या मूडचा प्रश्न येत नाही.

घरच्या कामालाही हेच लागू पडतं. 'या आठवड्यात विमा भरतो' हा निश्चय झाला. 'मंगळवारी सकाळी 10 वाजता, शेजारच्या काकांना सोबत घेऊन, स्टँडजवळच्या केंद्रात' ही झाली योजना. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1997 मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सुट्टीत एक अहवाल लिहायला सांगितला. कधी आणि कुठे लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं, त्यांच्यात वेळेत काम करणारे इतरांच्या दुपटीहून जास्त निघाले.

दुसरी युक्ती कामाचा आकार कमी करण्याची. आज फक्त सातबारा, आधार आणि पासबुक एका पिशवीत ठेवायचं, बस्स. अर्ज उद्या. काम सुरू झालं की त्याची धास्ती बरीच उतरते, हा अनुभव बहुतेकांना असतो. अभ्यासाचंही तसंच. लातूर पॅटर्नमध्ये सततच्या चाचण्यांवर भर का असतो? वर्षअखेरच्या एका मोठ्या तारखेचे तुकडे पाडून ती दर आठवड्याला दारात आणून उभी केली जाते. तो ताण सगळ्याच मुलांना मानवतो असं नाही, हेही नमूद करायला हवं.

आणि झालेल्या उशिराबद्दल स्वतःला कोसत बसू नये. हा गुळमुळीत सल्ला वाटेल, पण कार्लटन विद्यापीठातल्या 2010 च्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. अपराधीपणा वाढला की काम आणखी नकोसं होतं, आणि चक्र पुन्हा सुरू.

जिथे मुदतच नसते

सगळ्यात महागडी चालढकल मात्र ज्या कामांना मुदतच नसते त्यांची. अर्जाला मुदतवाढ मिळते, आजाराला मिळत नाही. 'पेरणी होऊ दे', 'दसरा होऊ दे', 'पोरीचं लग्न उरकू दे' असं म्हणत छातीतली गाठ किंवा तोंडातला बरा न होणारा चट्टा अंगावर काढला जातो. घरच्या बाईच्या बाबतीत हे जास्तच होतं. 30 वर्षांवरील प्रत्येकासाठी रक्तदाब, मधुमेह तसंच तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात आहे. तारीख कुणी देणार नाही, ती घरच्यांनीच कॅलेंडरवर टाकायची.

रोजची साधी कामंही हातून होत नसतील, झोप उडाली असेल, कशातच रस उरला नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ती चालढकल नसून नैराश्य असू शकतं. त्यासाठी केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर 24 तास मोफत सुरू असते. तिथे मराठीतही बोलता येतं.