बागेंतील पाणपक्षी व त्यांचीं छायाचित्रें

पाणपक्षी पाहावयाचे तर दूर अरण्यांतच गेलें पाहिजे, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. तो खरा नाहीं. मुंबईस भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालीं लोकांस खुली झाली. आज तिचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. तेथें पिंजऱ्यांतील प्राणी पाहणारांच्या डोक्यावर, उंच झाडांत, रातबगळे मोकळेपणानें राहतात. माथा व पाठ काळी, डोळे लाल आणि मानेमागें लांब पांढरीं पिसें, ही त्यांची ओळख. दिवसा ते फांदीवर पेंगतात व सायंकाळीं मासे, बेडूक टिपावयास निघतात. तळ्याकांठचा वंचक तर नांवाप्रमाणेंच फसवा! बसला असतां चिखलासारखा मळकट. उडाला कीं पंख शुभ्र.

अशा पक्ष्यांचें चित्र घेण्यास मोठ्या किंमतीच्या कॅमेऱ्यापेक्षां प्रकाशाची जाण अधिक उपयोगी पडते. सकाळीं सूर्य आपल्या पाठीशीं असावा. कांठावर खालीं बसून भिंग पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणावें. उभ्यानें घेतलेल्या चित्रांत पक्ष्याची पाठच अधिक दिसते. नेम डोळ्यावर धरावा. डोळा स्पष्ट आला तरच पक्षी जिवंत वाटतो. स्वस्थ उभ्या बगळ्यासाठीं पडदा सेकंदाच्या २५० व्या भागापुरता उघडला तरी पुरे. उडत्या बगळ्यास १००० वा भाग लागतो. शुभ्र बगळ्याविषयीं आणखी एक खबरदारी घ्यावी. समोरील देखावा मध्यम करड्या रंगाचा आहे, असें धरून प्रकाशमापक चालतो. भोंवतीं काळें पाणी असलें कीं तो अधिक प्रकाश आंत घेतो, आणि बगळ्याच्या जागीं नुसता पांढरा डाग उठतो. म्हणून प्रकाश सुमारें निम्मा करावा, म्हणजे पिसें निरनिराळीं उमटतात.

ह्या सर्वांहून धीर श्रेष्ठ. इंग्लंडांतील रिचर्ड व चेरी कीर्टन ह्या बंधूंचा, घरट्यांच्या छायाचित्रांनीं सजलेला ग्रंथ १८९५ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें पक्षी बुजूं नयेत म्हणून ते बैलाचें कातडें चढविलेल्या पोकळ सांगाड्यांत दडून बसत.

आपल्याकडे मात्र बसलेला पक्षी उडावा म्हणून खडा फेकणारे हौशी लोक दिसतात. पावसाळ्यांत बगळे वसाहत करून घरटीं बांधतात. त्या वेळीं मायबाप दचकून उठले, कीं टपून बसलेला कावळा अंडें किंवा पिलूं पळवितो. आपल्या हातीं एक चित्र येतें आणि तेथें घरटें रिकामें होतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पक्ष्यांच्या अंड्यांस वा घरट्यांस उपद्रव देणें हें शिकारींतच गणलें आहे. म्हणून घरट्यापासून दूर राहावें, टाळ्या वाजवूं नयेत, व पक्ष्यानें मान ताठ करून आपणांकडे पाहिलें कीं तेथेंच थांबावें.

ख्रिस्तानें आपल्या शिष्यांस पांखरांकडे पाहावयास सांगितलें, त्यांस हुसकावयास नव्हे. कॅमेरा हातीं घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें.