एका दंडात पावशेर

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५मध्ये छापून निघाले. मराठीतील अगदी सुरुवातीच्या छापील पाकपुस्तकांत ते गणले जाते. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याला तेव्हा सहाच वर्षे झाली होती. तिथली खिळाछपाई म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवणे.

कंपोझिटरच्या डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, समोर खिळ्यांची कप्प्याकप्प्यांची केस. नजर हस्तलिखितावर, उजवा हात सवयीने कप्प्यात जातो आणि खिळ्यावरची खाच लागली की त्याची बाजू बोटांना कळते. स्टिकमधली ओळ उलटीच वाचायची. त्यात देवनागरीचा पसारा: जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, रफार, उकार. 'डिग्री' टाइपात तर मात्रा निराळ्या खिळ्यांवर, म्हणजे एकाच ओळीचे थर जमवायचे.

पाककृतीत आणखी एक भानगड होती, मापांची. जुन्या लेखनात पाव, अर्धा, पाऊण हे दंडांनी दाखवत. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड. मराठी गद्यात वाक्याच्या शेवटी ठिपका येतो, त्यामुळे दंडाचे काम एरवी ओव्या-श्लोकांपुरते. इथे मात्र त्याच्यावर पाकाची भिस्त. शेर ८० तोळ्यांचा. एक दंड जास्त पडला तर साखर २० तोळ्यांनी, म्हणजे पावशेराने वाढली! प्रूफ वाचणाऱ्याला स्वयंपाक येत असेल तर बरे.

बरे, शेर तरी कोणता? ठाणे जिल्ह्यात उंबरमाळीच्या आसपास, शहापूर-मुरबाडच्या भातपट्ट्यात, चार शेरांची पायली ठाऊक असते. तो शेर मापाचा, साखरेचा वजनाचा. छापील ओळीत दोन्ही सारखेच दिसतात.

१९५८पासून किलोग्रॅम लागू झाला. १९७०मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्यांची मापे घरोघर नेली. आज जुन्या पाकपुस्तकाची खिळ्यांवर नवी आवृत्ती काढायची, तर मूळ दंड तसेच ठेवावेत आणि ग्रॅमचा तक्ता शेवटी द्यावा. मजकुरात ग्रॅम घुसडले, तर मग खिळे जुळवायचा खटाटोप कशाला?

जुळवलेल्या पानांचा फर्मा छापून झाला की खिळे धुऊन, सुटे करून परत आपापल्या कप्प्यांत टाकतात. पुढच्या पानांना तेच लागतात. प्लेट करून ठेवली नसेल, तर दुसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा पहिल्या ओळीपासून जुळवणी, आणि दंडांचे प्रूफही नव्याने वाचायचे.