एवढ्याशा माशीला नाव कशाला?

कसाल गाव समुद्रकाठी नाही. पण कसालच्या तिठ्यावरून मालवणचा रस्ता फुटतो. कट्टा, चौके ही गावे मागे पडली की पुढे समुद्र येतो. तिथल्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी जाऊन बघा. ओल्या वाळूवर, खडपावरच्या शेवाळावर बारीक बारीक माश्या दिसतील. तिळाएवढ्या. पाऊल टाकले की उडतात आणि हातभर अंतरावर पुन्हा बसतात.

कोणी म्हणेल, "माशी ती माशी! तिका नाव कित्याक व्हया?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर पाहू या.

सगळ्या माश्या सारख्या नसतात

माशीला दोनच पंख असतात. त्यांच्या मागे दोन बारीक दांड्या असतात. उडताना त्या तोल सांभाळतात. घरमाशी, चिलट, डास ही सारी दोन पंखांचीच मंडळी. म्हणजे एकमेकांचे भाऊबंद. पण भाऊबंद झाले म्हणून स्वभाव एक असतो का?

वाळत घातलेल्या ओल्या बांगड्यावर निळी-हिरवी चकचकीत माशी बसते. ती अंडी घालते, अळ्या पडतात आणि मासळी वाया जाते. शेवाळावरच्या पुष्कळशा बारीक माश्यांचे तसे नाही. त्यांच्या अळ्या शेवाळ आणि किनाऱ्यावर कुजणारा पाला खातात. त्या माश्यांना तुतवारासारखे पक्षी टिपतात. एक माशी आपले नुकसान करते. दुसरी आपल्या वाटेला जात नाही. दोघींना एकच नाव दिले, तर चोर कोण आणि साव कोण, हे कळायचे कसे?

डॉक्टर रॉस यांची गोष्ट

हिवताप डासामुळे होतो, असा डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना संशय होता. दोन वर्षे त्यांनी डासांची पोटे तपासली. हाती काही लागेना. का बरे? कारण ते भलत्याच जातीचे डास तपासत होते. शेवटी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्यांनी ठिपकेदार पंखांचा डास तपासला. त्याच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले! हिवताप पसरवणाऱ्या डासांना ॲनॉफिलीस म्हणतात. जात ओळखली, तेव्हाच वैरी सापडला.

चंद्र पाहून जन्मणारी माशी

१८५५ साली आयर्लंडमधील हॅलिडे नावाच्या अभ्यासकांनी समुद्रकाठच्या अशाच एका चिमुकल्या कीटकाचे वर्णन छापले. त्याचे नाव ठेवले क्लुनिओ मरिनस. मरिनस म्हणजे समुद्राचा. यातल्या मादीला पंख नसतात. कोश फोडून बाहेर आल्यावर हा जीव काही तासच जगतो. तेवढ्यात नरमादी भेटली पाहिजेत, अंडी घातली गेली पाहिजेत. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत, पाणी खूप मागे हटते तेव्हाच तो बाहेर पडतो. आपला मच्छीमार उधाण आणि भांग ओळखतो. हा एवढासा जीवही ओळखतो!

नवी जात कशी ठरते?

प्रथम ओहोटीला जाळीने माश्या धरतात आणि स्पिरिटच्या कुपीत ठेवतात. कुपीत चिठ्ठी घालतात: गाव कोणते, तारीख कोणती, कोणी धरली. चिठ्ठी नसेल तर माशी फुकट. पत्ता नसलेले पत्र कुठे पोचते का?

मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पंखांवरच्या शिरा, पायांवरचे केस, नराच्या पोटाचे टोक, सारे बारकाईने तपासतात. जुनी पुस्तके आणि साठवलेले नमुने यांच्याशी ताडून पाहतात. कुठेच मेळ बसला नाही, तरच जात नवी म्हणायची. घाई चालत नाही.

मग नाव ठेवतात. ही रीत स्वीडनच्या लिनिअस यांनी घालून दिली. १७५८ साली त्यांनी घरमाशीला नाव दिले मुस्का डोमेस्टिका, म्हणजे घरातली माशी. नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग आडनावासारखा, दुसरा तिचा स्वतःचा. हेच नाव मालवणात, तेच जपानात.

शेवटी चित्रांसह वर्णन छापतात आणि एक माशी मूळ नमुना म्हणून जपून ठेवतात. दुकानातले वजन खरे की खोटे, हे पाहायला सरकारी वजन असते ना? तसाच हा नमुना. कोणालाही शंका आली, तर ताडून पाहता येते. आपल्या देशात असे नमुने भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था सांभाळते. ती १९१६ साली कोलकात्यात निघाली.

आपण काय करावे?

मासळीवर माश्या बसतात म्हणून तिच्यावर विषारी औषध कधीही मारू नका. ते पोटात जाईल. मासळी स्वच्छ धुवा, नीट मीठ लावा आणि वाळूवर न पसरता उंच मांडवावर वाळवा. वर जाळी घाला.

आणि आणखी एक. किनाऱ्यावर राहणारा माणूस रोज जे पाहतो, ते परगावच्या शास्त्रज्ञाला एका फेरीत दिसत नाही. आता तुम्हांला लिहिता येते. गाव, तारीख, भरती की ओहोटी आणि काय दिसले, एवढे वहीत टिपून ठेवा. कुपीतली ती चिठ्ठी आता तुम्हीही लिहू शकता.