पंगतीचे बोलावणे आणि तीन सबबी

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू ख्रिस्ताने सांगितलेला एक दृष्टांत आहे. एका गृहस्थाने मोठी मेजवानी योजिली, पुष्कळांना आमंत्रणे धाडली आणि जेवणाची सिद्धता होताच पाहुण्यांना बोलावून आणण्यासाठी आपला दास पाठविला. पहिल्याने सांगितले की, त्याने शेत विकत घेतले असून ते पाहायला जाणे भाग आहे. दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या घेतल्या होत्या आणि त्या त्याला पारखून पाहायच्या होत्या. तिसऱ्याचे नुकतेच लग्न झाले होते, त्यामुळे त्याला येणे शक्य नव्हते. पहिल्या दोघांनी निदान क्षमा तरी मागितली. तिसऱ्याने तेवढेही सौजन्य दाखविले नाही.

परमेश्वराच्या निमंत्रणाला माणसाने कसा प्रतिसाद द्यावा, याची ख्रिस्ती विचारविश्वातील चर्चा वारंवार या दृष्टांतापाशी येऊन थांबते. त्याचा रोख ध्यानात यायचा, तर आधी त्या काळचा रिवाज समजून घ्यावा लागतो. पूर्वेकडील देशांत मोठ्या मेजवानीचे बोलावणे दोनदा होत असे. आधी आमंत्रण जाई आणि अन्न तयार झाल्यावर प्रत्यक्ष माणूस दारात येई. मराठी वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. खेडेगावात लग्नाची अक्षत आधी फिरते आणि पाने मांडली की पुन्हा घरोघर बोलावणे जाते. आवतण चूलबंद असेल, तर त्या दिवशी घरात चूलच पेटत नाही. असे आवतण मान्य करून ऐन पंगतीच्या वेळी यजमानाच्या माणसाला उंबऱ्यावरून परत पाठविणे, ही साधी गैरहजेरी ठरत नाही. ती मानहानी ठरते. दृष्टांतातील तिघेही आधीच आमंत्रित होते आणि पहिल्या बोलावण्याला त्यांनी नकार दिल्याचा उल्लेख कोठेही नाही. त्यांचा होकार हवेतच विरला होता.

या तीन सबबींना आणखी एक संदर्भ आहे. जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात युद्धावर जाण्यापासून कोणाला सूट द्यावी, याचे नियम दिले आहेत. नवे घर बांधून त्यात अद्याप राहायला न गेलेला, द्राक्षमळा लावून त्याचे फळ न चाखलेला आणि वाग्दान होऊन विवाह न झालेला, अशांनी घरी परतावे, असे त्यात म्हटले आहे. चोविसाव्या अध्यायात तर नवविवाहिताला वर्षभर सैन्यातून मोकळीक दिली आहे. येशूच्या श्रोत्यांना हे नियमशास्त्र परिचित होते. लढाईला न जाण्यासाठी जी कारणे ग्राह्य होती, तशीच कारणे जेवायला न येण्यासाठी पुढे केली जात आहेत, यातील विसंगती त्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिली नसेल. शिवाय दहा बैल आधी खरेदी करून मग पारखायला निघालेला शेतकरी कोणत्याही बैलबाजारात चेष्टेचा विषय झाला असता, हेही खरे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शेत, गुरे आणि संसार यांपैकी कशातही पाप नाही. तिघांपैकी एकही जण यजमानाचा वैरी नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात हाच दृष्टांत राजपुत्राच्या विवाहाच्या रूपात येतो आणि तेथे काही आमंत्रित राजाच्या दासांचा वधही करतात. परंतु त्या हिंसेच्या आधी आणखी काहीजणांचा उल्लेख आहे. ते बोलावणे मनावर न घेता एक शेतावर, तर दुसरा व्यापाराला निघून गेले. तेथे वापरलेले मूळ ग्रीक क्रियापद ‘पर्वा न करणे’ या अर्थाचे आहे. इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, एवढ्या मोठ्या तारणाची हेळसांड करणाऱ्यांचा निभाव कसा लागणार, असा प्रश्न विचारताना तेच क्रियापद आलेले आहे. श्रद्धेचा शत्रू म्हणून नास्तिकाकडे बोट दाखविणे सोपे असते. नव्या कराराला मात्र अधिक चिंता दिसते ती घरच्याच, नामधारी आणि कामात गढलेल्या माणसाची.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा इव्हाग्रियस हा तपस्वी या बेपर्वाईचा सूक्ष्म निरीक्षक होता. त्याने तिला ‘अकेडिया’ असे नाव दिलेले आढळते. तिचे वर्णन त्याने भर दुपारी येणारे भूत असे केले आहे. तिच्या प्रभावाखाली संन्याशाला दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. तो पुन्हा पुन्हा खिडकीकडे वळतो, सूर्य किती कलला ते पाहतो, आपली खोली, आपले हस्तकौशल्य आणि सोबती यांचा त्याला कंटाळा येतो आणि आपण दुसरीकडे कोठे असतो तर परमेश्वराची सेवा अधिक चांगली घडली असती, असे त्याला वाटू लागते. हा मनुष्य देव नाकारीत नाही. तो फक्त समोरच्या क्षणी तेथे नसतो. प्रवचन चालू असता खिशातील मोबाइल चाचपणाऱ्या आजच्या भाविकाला हे वर्णन परके वाटू नये.

प्रकटीकरण या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकिया येथील मंडळीला उद्देशून एक कठोर संदेश आहे. ती मंडळी ना थंड ना उष्ण, कोमट आहे, असा ठपका त्यात ठेवला आहे. हे शहर आजच्या तुर्कस्तानातील देनिझ्लीजवळ होते. उत्तरेला काही अंतरावर हिएरापोलिसचे उष्ण झरे होते, तर कलस्सै येथे थंड पाणी मिळे. लावदिकियाला मात्र नळांतून दूरवरून क्षारयुक्त पाणी आणावे लागे आणि ते शहरात पोहोचेपर्यंत कोमट होई, असे अनेक अभ्यासक सांगतात. गरम पाणी अंग शेकायला उपयोगी आणि थंड पाणी तहान भागवायला. कोमट मात्र कशाच्याच उपयोगाचे नाही. शहर श्रीमंत होते. इसवी सन ६० च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता ते स्वबळावर पुन्हा उभे राहिले, अशी नोंद टॅसिटस या इतिहासकाराने केली आहे. कोणाकडून काही घ्यायचे नाही, या सवयीच्या माणसाला निमंत्रणाची किंमत कळणे अवघड, असा या संदेशाचा रोख दिसतो.

त्याच संदेशात दाराशी उभा राहून ठोठावणाऱ्या ख्रिस्ताची प्रतिमा येते. दार उघडले तर तो आत येऊन सोबत जेवणार आहे. म्हणजे येथे यजमान स्वतःच पाहुणा होऊन आला आहे. विल्यम होलमन हंट या इंग्रज चित्रकाराने १८५० च्या दशकाच्या आरंभी या प्रसंगावर काढलेल्या ‘द लाइट ऑफ द वर्ल्ड’ या चित्राच्या प्रती जगभरातील ख्रिस्ती घरांत पोहोचल्या. त्या चित्रातील दारावर वेली माजल्या आहेत आणि बाहेरच्या बाजूला मूठ नाही. ते दार आतूनच उघडावे लागते.

मग आदरयुक्त प्रतिसाद म्हणजे काय? इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात, बोलणाऱ्याला नाकारू नका असे सांगून लगेच आदराने आणि भीडयुक्त भक्तीने सेवा करण्याचा उपदेश आहे. हे भय चाबकाचे नव्हे. जळत्या झुडपापाशी पायांतील जोडे काढणारा मोशे किंवा रात्री हाक ऐकून तीनदा एली याजकाकडे धावत गेलेला बालक शमुवेल डोळ्यांसमोर आणला की त्याचा अर्थ स्पष्ट होतो. शमुवेलाला हाक कोणाची हे कळले नव्हते, तरी प्रत्येक वेळी तो अंथरुणातून उठला.

केवळ येऊन बसणे पुरेसे नाही, हेही मत्तयाच्या दृष्टांतात आहे. रस्त्यावरून गोळा केलेल्या, बऱ्यावाईट सर्व पाहुण्यांनी दालन भरते. राजा पाहायला येतो आणि लग्नाचा पोशाख न घातलेल्या एकाला हटकतो. त्या माणसाला उत्तर सुचत नाही आणि त्याला बाहेर काढले जाते. वाटेवरून धरून आणलेल्याने पोशाख आणावा तरी कोठून, हा प्रश्न वाचकाला अस्वस्थ करतो आणि तो करायलाच हवा. संत ऑगस्टीन आणि थोर पोप पहिले ग्रेगरी या दोघांनीही हा पोशाख म्हणजे प्रीती, असा अर्थ लावला. पोप फ्रान्सिस यांनी २९ जून २०२२ रोजी काढलेल्या उपासनाविषयक पत्रात तो श्रद्धेचा पोशाख असल्याचे म्हटले आहे. माणसाच्या प्रतिसादाच्या कितीतरी आधी ख्रिस्ताला त्याची ओढ लागलेली असते, हे त्या पत्राचे मुख्य सूत्र आहे. ते मान्य केले तर उपासनेतील आदर हे देवाला दिलेले शुल्क उरत नाही. ती यजमानाच्या अगत्याची पोच ठरते.

उपासनेत लोक परके किंवा मुके प्रेक्षक म्हणून बसू नयेत, हा आग्रह दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या दस्तऐवजात धरला आणि लोकभाषांना मिस्साविधीचे दार उघडले. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतासाठी बारा अनुकूलने संमत केली. पादत्राणे काढून मांडी घालून बसणे, पंचांग प्रणाम, हात जोडून केलेले वंदन आणि आरती यांचा त्यांत समावेश होता. त्यावरून बराच वादही झाला. काहींना ते हिंदू रूढींचे अनुकरण वाटले. आक्षेप घेणाऱ्यांच्या भावनांचा मान राखूनही एवढे म्हणता येईल, की जोडे काढण्याची आज्ञा बायबलमध्येच आहे आणि या मातीतील माणूस आदर व्यक्त करतो तो असाच.

या प्रश्नाला २०२० साली अनपेक्षित धार आली. मार्च महिन्यात देशव्यापी टाळेबंदी लागली, चर्चची दारे बंद झाली आणि मिस्सा दूरचित्रवाणी व मोबाइलच्या पडद्यावर आली. रुग्ण आणि वृद्ध यांच्यासाठी ती मोठीच सोय होती आणि आजही आहे. परंतु चहाचा कप हाती घेऊन, मध्येच स्वयंपाकघरात डोकावून मिस्सा ‘पाहण्याची’ सवयही त्याच काळात लागली. व्हॅटिकनच्या उपासना विभागाने १५ ऑगस्ट २०२० च्या पत्रात, परिस्थिती अनुकूल होताच लोकांनी आनंदाने प्रत्यक्ष उपासनेकडे परतावे आणि पडद्यावरील प्रक्षेपण हा तिला पर्याय मानू नये, असे आवाहन केले. पंगतीचे चित्रण पाहून पोट भरत नाही, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र.

आमंत्रण गांभीर्याने घेणे म्हणजे तत्काळ होकार देणे, असाही समज करून घेण्याचे कारण नाही. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात दोन मुलांची गोष्ट आहे. मळ्यात जायला सांगितल्यावर एक ‘नाही’ म्हणतो, पण मागाहून पस्तावून जातो. दुसरा ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही. महाराष्ट्राला या गोष्टीचे प्रत्यंतर एका घरातच पाहायला मिळाले. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात कवी नारायण वामन टिळक यांना एका सहप्रवासी युरोपियन गृहस्थाने नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती बाजूला टाकली नाही. ते वाचीत राहिले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. पुढची दोन वर्षे त्यांनी शंका आणि वाद यांत घालविली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या आणि घर मोडले. लक्ष्मीबाईंचा विरोध उघड, धगधगता होता. तो त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये कोठेही सौम्य करून सांगितलेला नाही. पुढे त्या पतीजवळ राहायला आल्या, तरी त्यांनी पतीच्या शब्दाखातर धर्म बदलला नाही. त्या स्वतः विचार करीत राहिल्या आणि १९०० साली त्यांनी आपल्या पायांनी चालत जाऊन बाप्तिस्मा घेतला.